दोन उकडलेली अंडी

बाळंतपणाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेला सातवा महिना होता.

“डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रोज दोन अंडी खातेस ना, तर काय सांगू?”

“खाते म्हणून सांग.”

“पण आई, दोन्ही तुम्ही ह्यांच्या डब्यात घालता.”

“तो दिवसभर राबतो गं.”

“बाळाचं वजन कमी भरतंय म्हणाल्यात त्या.”

“माझ्या वेळी कुठली आलीत अंडी! सगळ्यांची जेवणं उरकली की मी बसायचे. डाळीचं नुसतं पाणी उरलेलं असायचं.”

“मग हे जन्मले तेव्हा किती वजन होतं?”

“पावणेदोन किलो. महिनाभर कापसात गुंडाळून ठेवला होता.”

“आता नव्वद किलोचे आहेत, आई.”

“असू दे. तेव्हाचं अजून भरून निघालेलं नाही.”