पेरूची बाग, सी विंग

नगरपालिकेत हरकतींचे अर्ज घेणाऱ्या बाईंना खिडकीतून रांगेतलं सगळं ऐकू येई. आज पुढे एक नवराबायको होते.

"गावाचं पार वाटोळं झालं. पूर्वी काय शांतता होती, नाही हो?"

"बाल्कनीतून थेट टेकडी दिसायची. आता आडवे वीस मजले उभे राहणार."

"आणि राहायला येणार कोण? बाहेरचे. त्यांना कसली गावाची माया!"

दोघं खिडकीशी आले. बाईंनी अर्ज घेतला.

"इथे किती वर्षं राहता?"

"येत्या महिन्यात तीन पूर्ण होतील," नवरा म्हणाला.

"पण जीव जडलाय हो ताई," बायको म्हणाली.

"पत्ता?"

"पेरूची बाग, सी विंग, अठरावा मजला."

बाईंचं पेन थांबलं.

"नुसतं नाव हो. पेरू कुठले तिथे!"

"होते. आतून लाल. माझ्या वडिलांनी लावलेले."

"अगं बाई! अहो, ऐकलंत का? या तर अस्सल इथल्या!"

"मग ताई, आमच्या अर्जावर तुमचीही एक सही द्या ना. जुन्या माणसाची सही असली की वजन पडतं."

बाईंनी अर्जावर शिक्का मारला.

"पुढचे या," त्या म्हणाल्या.