व्हिडिओतली वाघीण

छातीतल्या गाठींच्या तपासणीच्या खोलीबाहेर माझ्या मागच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या.

"वन्सं, पर्सच्या बंदाशी किती चाळा कराल? व्हिडिओत तर वाघीण असता!"

"हळू बोल गं, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. 'बायांनो, शिंप्याला माप देता, मग तपासणीला कसली लाज?' किती जणींनी पुढे पाठवलं!"

"मग? खोटं आहे का ते?"

"ते नाही हो. 'मी करून आलेय, मुळीच दुखत नाही,' ते खोटं."

"बोलण्याच्या ओघात आलं."

"आणि इथं मात्र मी तुम्हाला ओढून आणलं."

"मला काही झालेलं नाही."

"व्हिडिओ काढताना फोन मी धरते ना? तुमचा हात सारखा काखेकडे जातो, ते मला दिसतं."

"मेलीची नजर! सुईत दोरा ओवशील अंधारात."

"तुम्हीच शिकवलंत शिवण."

दार उघडलं. एक मुलगी बाहेर आली.

"अय्या, शिंपीणताई! तुमचा व्हिडिओ बघून धीर आला मला."

"हो का? छान, छान."

"पुढच्या कोण?" नर्सनं विचारलं.

"उठा वन्सं."

"थांब गं. ए बाळ, इकडे ये... खरं सांग, फार दुखतं का?"