अंजली कुणाकडे

(२००३. नाशिक, गंगापूर रोड. वकील वत्सलाबाईंच्या घरातली ऑफिसची खोली. समोर संध्या आणि सुला. बाहेर झोपाळ्यावर संध्याची नऊ वर्षांची मुलगी, अंजली.)

वत्सलाबाई : मृत्युपत्रात नुसतं नाव लिहून भागत नाही, संध्याबाई. तुमच्या पश्चात अंजलीच्या पालक सुला, एवढं मी लिहिलं. आता या तुमच्या कोण, ते सांगा.

संध्या : मैत्रीण लिहा ना.

वत्सलाबाई : लिहिते. पण तुमचे दीर कोर्टात गेले, तर त्यांचा वकील आधी हाच शब्द धरेल. सख्खा काका असताना मुलगी मैत्रिणीकडे कशाला? सासरच्यांना आजवर काय सांगितलंय?

संध्या : पेइंग गेस्ट.

सुला : ते मीच सुचवलं व्हतं. ताईंच्या सासूबाई वणीहून यायच्या असल्या का माझी पिशवी बाहेरच्या खोलीत. मी पण बाहेरच. त्या गेल्या का परत आत.

वत्सलाबाई : घरीही ताई म्हणता?

सुला : नाय. लोकांसमोर सवय लागली.

वत्सलाबाई : किती वर्षं चाललंय हे?

संध्या : दिनेश अपघातात गेले तेव्हा अंजली दीड वर्षाची होती. तेव्हापासून सुला घरात आहे.

वत्सलाबाई : आणि कॉलनीत कुणी काही बोललं नाही?

संध्या : उलट सगळ्यांना बरं वाटलं. विधवा बाईला सोबत झाली म्हणायचे. शेजारच्या काकू तर सुलाच्या हॉस्पिटलच्या ड्यूट्या माझ्यापेक्षा जास्त लक्षात ठेवतात.

वत्सलाबाई : मग पंचाईत अशी आहे. पेइंग गेस्ट म्हणालात, तर कोर्ट म्हणेल, पोटची मुलगी कुणी भाडेकरूला देतं का? आणि त्याच्याहून जास्त काही म्हणालात तर...

सुला : तर काय?

वत्सलाबाई : तर तीनशे सत्त्याहत्तर कलम आहे, अनैसर्गिक संबंधांचं. बायकांना ते लागू होतं की नाही, यावर मी वाद घालीन. पण वाद घालायचा म्हणजे भर कोर्टात त्याबद्दल बोलायचं. आणि ते एकदा बोललं गेलं की मुलगी गेलीच म्हणून समजा.

संध्या : मी तिची आई आहे. मला काही हक्क नाही?

वत्सलाबाई : आहे की. विधवा आईला मृत्युपत्रानं पालक नेमता येतो, कायदा सरळ आहे. पण त्याच्यावर मुलीचं हित म्हणून एक गोष्ट असते. ते हित कशात आहे हे जज ठरवतात, आणि जज तुमच्या घरी कधी जेवायला आलेले नसतात.

सुला : सोमवारी हिला अ‍ॅडमिट व्हायचंय, बाई. दोनदा पुढं ढकललं हिनं. पोरीचं ठरल्याबिगर टेबलावर झोपणार नाय म्हणते. मी नर्स हाय, मला कळतंय काय चाललंय ते. गाठ काय कुणासाठी थांबती का?

वत्सलाबाई : दीर कसे आहेत? भांडखोर?

संध्या : भांडले असते तर बरं झालं असतं. किशोरभाऊ फार गोड आहेत. दर रविवारी वणीहून येतात, अंजलीला सोमेश्वरला नेतात, भेळ खायला घालतात. मला म्हणतात, वहिनी, तुम्ही निवांत ऑपरेशनला जा, पोरीचं मी बघतो.

सुला : त्या गोडाचंच मला भ्या वाटतं. मळ्यात दिनेशभाऊंचा हिस्सा हाय. पोरगी ज्याच्या घरी, हिस्सा त्याच्या हातात.

वत्सलाबाई : मुलीला काही विचारतात का ते?

संध्या : मागच्या रविवारी फिरून आली आणि जेवताना सहज म्हणाली, काका विचारत होते, मावशी कुठं झोपते.

वत्सलाबाई : मग ती काय म्हणाली त्यांना?

संध्या : आईजवळ, म्हणाली. तिला काय माहीत यात लपवण्यासारखं काही आहे म्हणून? आम्ही कधी तिला तसं सांगितलंच नाही. दारापलीकडं सगळं खोटं चाललेलं. निदान घरात तरी नको, असं वाटायचं.

वत्सलाबाई : घरात पलंग किती?

सुला : दोन. एक पोरीचा.

वत्सलाबाई : मग आज जाता जाता तिसरा घ्या. बाहेरच्या खोलीत टाका. तुमची गादी, तुमचे कपडे, औषधं, सगळं तिकडं दिसलं पाहिजे.

संध्या : आता उपयोग नाही, बाई.

वत्सलाबाई : का?

संध्या : वाढदिवसाला किशोरभाऊंनी अंजलीला कॅमेरा दिला. आजीला गुडघ्यांनी येववत नाही, तर तिला तुझं घर दाखव, एक पण खोली सोडू नको, म्हणाले. पोरगी हरखून गेली. घरभर फोटो काढत सुटली. आणि आम्ही दोघी हसत होतो तिला.

सुला : मला म्हणली, मावशी, तुझ्या जागेवर बस. बसले मी. पलंगावर पाय पसरून, हिच्या शेजारी.

वत्सलाबाई : रोल कुठाय?

संध्या : ते घेऊन गेले. धुवायला.

वत्सलाबाई : म्हणजे तुमच्या दिरांनी माझ्याआधी वकील गाठलाय. घरातल्या साध्या माणसाला असलं सुचत नाही. हे आमच्या लोकांचं डोकं आहे.

सुला : मग मी निघते तिथून. सातपूरला खोली बघते. मीच नसले, तर कोण काय बोलणार?

संध्या : गप्प बस, सुला.

सुला : पोरगी तर वाचल ना.

संध्या : कुणापासून? तुझ्यापासून? जन्मली तेव्हा आधी तुझ्या हातात आली ती. मला तू नंतर दिलीस, पुसून, दुपट्यात गुंडाळून. आणि आता मला टेबलावर झोपवून तू खोली बघणार?

वत्सलाबाई : त्या गेल्या तर आहे तेही हातचं जाईल. त्या घरात राहतात, मुलीचं सगळं करतात, हाच एक मुद्दा माझ्याकडे आहे. आजीला मध्ये घेता येईल का? आजी आणि सुला, दोघी मिळून पालक?

संध्या : सासूबाई माझ्यावर माया करतात. पण राहतात किशोरभाऊंकडं. त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाहीत.

वत्सलाबाई : मग मैत्रीणच राहू द्या. दीड वर्षाची असल्यापासून मुलीचा सांभाळ केलेली, असं मी ठासून लिहिते. बाकी सगळं अंजलीवर आहे. एवढ्या वयाच्या मुलीला जज आपल्या खोलीत बोलावून घेतात आणि विचारतात, बाळ, तुला कुणाकडे राहायचंय? ती सुलाचं नाव घेईल?

संध्या : दुसऱ्या कुणाचं घेणारच नाही.

वत्सलाबाई : छान. आणि बाकीचं काही बोलायचं नाही, तेवढं आजपासून तिला शिकवा. गोडीनं, घाबरवू नका.

सुला : उशीर झाला, बाई.

संध्या : म्हणजे काय?

सुला : तुझं ऑपरेशन होईस्तोवर सांगणार नव्हते. सकाळी वेणी घालत व्हते तिची, तर विचारते, मावशी, जज रागवतात का गं? म्हटलं, तुला जजचं कोण बोललं? तर म्हणली, काका. आपल्या घरात कोण कसं राहतं, कोण कुठं झोपतं, सगळं जजना खरं खरं सांगितलं, की आई बरी होते. असं काका म्हणाले.

संध्या : तू काय म्हणालीस?

सुला : काय म्हणू? खोटं बोल म्हणू? मग तिला वाटायचं, मावशीलाच आई बरी व्हायला नको. मी आपली रिबीन बांधत राहिले.

संध्या : आणि ती?

सुला : ती म्हणली, मावशी, तू काळजी नको करू. मी काहीच विसरणार नाही.