हर्षदाची सीट

प्यांट नाही मिळायची! जा, सांगा त्याला, चिंधानं सांगितलंय, प्यांट कापली, तिची सीट झाली, आन् तिच्यावर माझी पोरगी बसते. मांडीवर घ्या म्हने... अरे, एकदा घेऊन दाखव ना तू!

बसा, बसा तुम्ही. तुमच्यावर नाही ओरडत. हिलाल, सरक जरा, लोकांना ओट्यावर जागा दे. माझा साडू बन्सीलाल, नंदुरबारहून येतो, दोन दिस राहतो आन् वर्षभराची अक्कल देऊन जातो, त्याच्यावर ओरडतो मी. या खेपेला विसरलेली प्यांट मागत बसला, सकाळच्या गाडीनं गेला बी, पन माझा राग काय त्याच्याबरोबर तिकीट काढून जातो का?

तुम्हाला सांगतो, माझी हर्षदा बारा वर्षांची. जन्मापासून पाय ताठ, कंबर धरत नाही, बसवली का एका अंगाला कलते. बोलते सावकाश, पन बोलते ते टोचून, माझ्यावर गेली. नदीपलीकडं अशा पोरांची शाळा आहे, व्यायाम करून घेतात, लिहायला शिकवतात, आन् भूपेंद्रची मारुती व्हॅन तिला नेते. आता नेते म्हंजे काय, मी रातपाळी करून यायचो आन् तिला मांडीवर दाबून धरून बसायचो. लूमवर उभं राहून राहून माझे पाय लाकूड झालेले, वरून ही पोर, वाढतं अंग... ब्रेक लागला का तिचं डोकं पुढच्या सीटवर, माझं डोकं तिच्यावर. एक दिस तिचा ओठ फुटला. भूपेंद्रनं गाडी कडेला घेतली आन् म्हनाला, "काका, छोकरीला नीट बसायला काहीतरी बनवा. असं मी नाही नेनार."

मी तापलो. त्याच्या सात पिढ्या काढनार होतो, तेवढ्यात पोरीनं ओठ पुसला माझ्याच बाहीला. खरं बोलत होता मानूस. आन् त्यानं नेलं नसतं तर काय? पोर परत खाटेवर, आन् भिंतीकडं तोंड. शाळा मिळायच्या आधी आठ वर्षं तशीच काढली तिनं.

आन् हा बन्सीलाल, तेव्हा बी आलेला, बशीत चहा ओतून फुंकर मारतो आन् म्हनतो, सीट कशाला, मांडीवर घ्या. मांडीवर घ्या म्हने! तांदळाची गोनी आहे का ती?

बरं, सीट सीट म्हनायची तर आनायची कुठून? आमच्या शेठच्या नातवाची अमेरिकेतून आलेली एक होती. शेठनं मोठ्या मनानं दिली, त्याचं भलं होवो, पन ती पडली दोन वर्षांच्या बाळाची. तिच्यावर पिवळी बदकं. हर्षदा अर्धी आत, अर्धी बाहेर. तिनं बदकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आप्पा, मी काय अंडं आहे का?"

मग उधन्याच्या रस्त्यावर तो मगन, रिक्षाच्या सीटा बनवतो, त्याच्याकडं गेलो. मी बोलायला लागलो तर त्यानं मलाच गप केलं आन् पोरीला विचारलं, बेटा, कुठं टोचतं? कुठल्या बाजूला पडतेस? अहो, बारा वर्षांत डाक्टरनं बी मलाच विचारलं होतं, तिला नाही. तिनं सगळं सांगितलं, सावकाश सांगितलं, आन् तो थांबला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं तरी थांबला. मग पाठ उंच केली, दोन्ही बगलेला फोमच्या गाद्या, पायाखाली फळी, मांड्यांच्या मधी एक ठोकळा, आन् नवारीचा जाड पट्टा. राजाच्या सिंहासनानं झक मारावी!

आता वरून कापड. इथं माती खाल्ली आम्ही. आपन सुरतेचे ना? आख्ख्या दुनियेच्या अंगावर आपलं कापड. आमच्या खात्यातले, म्हंजे कारखान्यातले, सगळे लूमवाले म्हनाले, चिंधा, तुझ्या पोरीच्या सीटला हलकं कापड लागलं तर आमची इज्जत काय? एकानं साटन आनलं, दुसऱ्यानं जरीची किनार, गुलाबी, असं चकाकतं का माशी बसली तर घसरून पडावी. मगननं चढवलं, मी नारळ फोडला, निघालो. रेल्वेखालच्या गरनाळ्यापाशी म्हैस आडवी आली, भूपेंद्रनं ब्रेक मारला... आन् माझी पोर ठोकळ्यावरून सर्रकन खाली! पट्टा हनुवटीपाशी. भूपेंद्र ओरडतो, "अरे, आ तो सरकी गई!" मी तिला वर ओढतो, आन् ही खाली पडून खिदळते. "आप्पा, परत."

तुम्हीच सांगा, जन्मभर गुळगुळीत कापड विनलं आम्ही, आन् ते घसरतं हे एकाच्या टाळक्यात येऊ नये?

मग काय, सुरतेच्या मार्केटात मी खरबरीत कापड शोधत फिरलो. दुकानदाराला म्हटलं, शेठ, तुमच्याकडचं सगळ्यात वाईट कापड दाखवा. त्यानं मला दुकानातून काढलं. गोनपाट लावलं तर पोरीच्या पाठीवर पुरळ. चार दिस शाळा बुडली, ती खाटेवर, तोंड भिंतीकडं. माझ्याच्यानं बघवेना.

आन् त्याच दिवशी दोरीवर वाळत होती बन्सीलालची प्यांट, त्यानं त्या खेपेला इथंच विसरलेली. काडराय. जाडजूड, रेघारेघांची, लग्नाबिग्नाला घालायची. रंजनानं तिच्यावरून हात फिरवला आन् माझ्याकडं बघितलं. म्हटलं, अगं, तुझ्या बहिनीच्या नवऱ्याची आहे. म्हने, "मन्या बहिनले मी सांगसू. तुम्ही फक्त कातर लई या." आनली मी कातर. बायकोपुढं कोनाचं चालतं?

मगननं दोन्ही पाय उसवून अशी बसवली, का एक खिसा बाजूला तसाच ठेवला. तिनंच मागितला. त्यात ती गोळ्या ठेवते, मला एक देत नाही. मग भूपेंद्रनं मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम कचकन ब्रेक मारला. मी दोन्ही हात पुढं केले. पोर हलली नाही. जागची हलली नाही! भूपेंद्र आरशातून बघत होता आन् मी खिडकीबाहेर बघत होतो, मिलचा धूर लई होता त्या दिवशी, डोळ्यात गेला.

मांडीवर घ्या म्हने. घेतली की! बन्सीलालच्याच मांडीवर बसून जाते रोज शाळेत. शिव्या देतो मी त्याला, पन खरं सांगू, देवापुढं दिवा लावताना त्या मगनचं, भूपेंद्रचं, खात्यातल्या येड्यांचं नाव घेतो ना, त्यात बन्सीलालचं बी घेतो. शेवटी घेतो, पन घेतो.

आता ती उंच बसते. खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचते, गुजराती बी वाचते, मला नाही येत ते. सोमवारी मी नेहमीसारखा शेजारी जाऊन बसलो, तर म्हनाली, "आप्पा, तू उतर. घरी झोप." भूपेंद्र इंजिन चालू ठेवून माझ्याकडं बघतोय. काय करनार? उतरलो. गाडी गेली. बारा वर्षं धरून धरून हात असे वाकडे झालेत, आन् आता त्यांच्यात धरायला काही नाही, म्हनून सकाळचा ओट्यावर बसून तुमचं डोकं खातो.

हिलाल, खाली काय बघतो? तुझा कुंदन चौदाचा झाला. घरात आहे, खाटेवर आहे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. गाडीत माझी जागा रिकामी आहे. उद्या सकाळी त्याला मगनकडं मापाला घेऊन ये.