मावतंय की नाही, तेवढं सांगा!

...नाही, पण माणसाने निदान "बरं" एवढं तरी म्हणावं की नाही? तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं मी एकच काम करतोय! कॉम्प्युटर चालायला जी मूळ सिस्टिम लागते ना, ती आमची कंपनी बनवते, आणि त्या सिस्टिमचं अख्खं गाठोडं, इमेज म्हणतात त्याला, फोटोशी काही संबंध नाही, ते डीव्हीडीवर मावतंय का, हे रोज सकाळी बघायचं. कोणी? मी! बहीण म्हणते, "अरे दादा, याचा पगार देतात? मी रोज डबा भरताना फुकट बघते की!"

आता तिला काय सांगणार? अहो, डीव्हीडीच्या पाकिटावर छापलेलं असतं चार पॉइंट सात जीबी, आणि कॉम्प्युटर म्हणतो चार पॉइंट तीन आठ! दोघांचं मोजमापच वेगळं. नवे इंजिनियर पाकिटावर विश्वास ठेवतात आणि तोंडावर आपटतात. हे मी साहेबांना समजवायला गेलो, तर साहेब घड्याळाकडे बघत, "काका, पुराण नको. मावतंय की नाही, तेवढं सांगा!"

सांगितलं. रोज रिपोर्ट लिहिला, "मावतं." पण एका शब्दाने कोणाचं पोट भरतं हो? माझी खोली तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, दिवसभर लिफ्टचा आवाज येतो, माणूस येत नाही. मग हळूच एक ओळ वाढवली. "मावतं. आज लिफ्ट बंद आहे." कोणी काही बोललं नाही. "मावतं. ही जाऊन आज वर्ष झालं." काही नाही. "मावतं. वाचत असाल तर चहाला या, खोली तीनशे बारा." दुसरा कप विकत आणून ठेवला, तुम्हाला खोटं वाटेल, त्याच्यावरचं लेबल अजून निघालेलं नाही!

आणि परवा... मावेना! दोन एमबी जास्त! लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. म्हटलं, आता तरी येतील! तर साहेबांचा फोन आला.

"काका, सापडलं! इमेजमध्ये एक फोल्डर चुकून रोज भरला जातोय. तुमचे रिपोर्ट!"

मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, "वाचलेत?"

"छे हो, वाचतंय कोण? साईज बघितली. काढून टाका, आणि मग मावतंय की नाही, तेवढं सांगा!"

काढले. पण टाकवेनात हो! एक कोरी डीव्हीडी घेतली, म्हटलं, अकरा वर्षं आहेत, एक पुरायची नाही, दुसरी जवळ असू दे... आणि पहिल्या डीव्हीडीचा कोपराही भरला नाही! लिफ्ट, ही, चहा, सगळं धरून अडीच एमबी! मी पुन्हा मोजलं. माझं मोजमाप चुकत नाही, तीच तर पंचाईत आहे.

मग काय, नेहमीसारखा बसलो आणि रिपोर्ट लिहिला, "मावतं. जागा भरपूर आहे. चहाला या."