करडाची हाक

ऐका. अन् ती शेकोटी सारखी उकरू नका रं, जाळ बसतोय! तायाप्पालाबी हीच खोड व्हती. हात गप न्हाई, तोंड त्याहून गप न्हाई.

तायाप्पा म्हंजी माझा दोस्त, बारकेपणापासनंचा. त्याची शेळी व्याली अन् मेली. मागं राहिलं करडू. ते त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं. कपाळावर चांदणी, म्हणून नाव चांदी. रात्री हातरुणात घेऊन झोपायचा, बोला! अन् ऐन थंडीत चांदी गेली. कोल्ह्यानं नेली, सगळं गाव म्हणलं. पर रगत न्हाई, केस न्हाई. तायाप्पा म्हणायचा, जित्ती हाय. मी म्हणलं, चल, कोल्हा तर मारू. तवा ही शिकार चालायची. आता बंदी हाय, अन् झालं ते बरं झालं.

कोल्हा कसा बोलवायचा, ठावं हाय का? दोन अंगठ्यांत ज्वारीचं पातं ताणून धरायचं अन् फुंकायचं. जाळ्यात गावलेला ससा किंचाळतो, तसा आवाज निघतो. कोल्ह्याला वाटतं, आयतं जेवाण. येतो पळत. पर बसणाऱ्यानं गप बसाय पायजे. गप! अन् हे मी सांगतोय कुणाला? तायाप्पाला!

सकाळधरनं माळावर बसलो. थंडीनं दातावर दात. मी फुंकलं. कोल्हा आला, चांगला तांबूस, कान टवकारून. काठीच्या टप्प्यात येतोय, तवर हा म्हणतो, "आला बघ, म्हाकू!" गेला कोल्हा. जागा बदलली, तर ह्यानं विडी पेटवली. पुन्यांदा बदलली, तर खोकला. म्हणलं, "तायाप्पा, तुझ्या तोंडाला मुसकं बांधू का?" तर म्हणतो, "तूच बेसूर फुंकतोस." आरं देवा! दिवसभर हेच. कुणी काय म्हणलं की उलट बोलल्याबिगर ऱ्हायचं न्हाई, हा त्याचा बाणा.

दिवस बुडला, अंधार पडला, तसं निघालो. मी म्हणलं मोठ्या रस्त्यानं जाऊ. हा म्हणतो, लवणातनं जवळ पडतं. लवण म्हंजी माळामधला खोलगट भाग, अन् त्यात विहीर. कठडा न्हाई, काठाला घाणेरीची झुडपं माजलेली. अंधारात तिथनं कुणी जात नसे. पर हा निघालाबी! मी काय करणार? गेलो मागनं, शिव्या देत.

थोडं गेलो, तर पातं वाजलं. नीट ऐका हं. पातं माझ्या खिशात, अन् पुढनं अंधारातनं सशाचं किंचाळणं! तस्सं, माझ्यासारखं. म्हणलं, दुसरं कुणी बसलं असंल शिकारीला. हाळी दिली. गप झालं. मग कोल्हेकुई, अगदी पायाशी! काठी हाणली, तर नुसती धूळ. माझ्या अंगावर काटा. तायाप्पा म्हणतो, "तुझा नेमच वाकडा." त्याला भ्यायलासुदिक सवड न्हाई!

अन् मग बारीक आवाज आला. "बें..."

तायाप्पा जाग्यावर थांबला.

"बें..."

"चांदी!" म्हणला, अन् सुटला पळत.

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. आरं, आपण कोल्ह्याला ससा ऐकवतो, तसं ह्याला कुणीतरी करडू ऐकवतंय! ससा ऐकवून बघितला, कोल्हा ऐकवून बघितला, आता नेमका आवाज गावला त्याला. शिकार आमचीच चाललीय! अन् आवाज येतोय विहिरीतनं!

"थांब! विहीर हाय!" ओरडलो. ऐकतोय कुठं? जन्मात कदी ऐकलंय का त्यानं? घुसला घाणेरीत. काठाची माती पाण्यात पडली, डुबुक, डुबुक. मी मागं, हात पुरंना. काय करू? तोंडाला आलं ते बोललो. "आरं, कोल्ह्यानं न्हाई, तूच मारलीस चांदी! दार उघडं टाकून विड्या फुकत बसलास!"

थांबला. एक पाय विहिरीवर. अन् वळला! "कोण म्हणतं दार उघडं व्हतं? कडी लावली व्हती मी!"

बखोट धरून ओढला त्याला. अन् भांडत ऱ्हायलो. गप झालो की मागनं "बें". भांडलो की बंद. कोल्हा माणसाच्या बोलण्याला बुजतो, तसं ते बुजत व्हतं. वेशीपतूर भांडलो. घसा बसला माझा. वेशीत आल्यावर तायाप्पा खाली बसला अन् रडाय लागला. "म्हाकू, कडी लावायची राहिली व्हती रं," म्हणला. मी त्याला हाताला धरून उठवला अन् घरी नेला.

तायाप्पा जाऊन आता लई दिस झाले. परवा बाजारातनं येताना मला अंधार झाला. मोठ्या रस्त्यानंच येत व्हतो. लवणाच्या तोंडाशी खोकला ऐकू आला. विडीचा खोकला. अन् मग, "आला बघ, म्हाकू!"

जन्मभर वैतागलो त्या आवाजाला. अन् पाय वळले की माझे! लई आठवण येती त्याची, खरं सांगतो. चार पावलं आत गेलोबी. मग म्हणलं, "तायाप्पा, तुझं तोंड कदी बंद व्हणार रं?"

लवण गप.

पुन्यांदा म्हणलं. गपच. आता तुम्हीच सांगा, तायाप्पा असता तर उलट बोलल्याबिगर राहिला असता का?

फिरलो मागं. डोळं पुसत घरी आलो. तवा त्या वाटेनं जाऊ नका. तुमचं जे हरवलंय, त्याच्याच आवाजात ते हाक मारतं. उठा आता, लई झालं. अन् जाताना शेरडांच्या दाराची कडी बघून झोपा.