बाभळीवरचा शार्क

ताईला बघायला नाशिकची मंडळी आली होती, तेव्हाची गंमत ऐका. ताई खोल समुद्रातल्या शार्कवर संशोधन करते, आणि आमच्या अण्णांचं हे शहाद्याच्या अख्ख्या एसटी स्टँडला सांगून झालंय.

चहा घेता घेता मुलानं विचारलं, “इकडे श्राइक बरेच असतील ना?”

अण्णा खुलले. “शार्क? अहो, मन्ही पोरना तोच तर अभ्यास शे!”

“अरे वा! आत्ता येताना मला एक बाभळीवर दिसला.”

अण्णा माझ्या कानाला लागले. “पोऱ्या येडा शे का रे?”

ताईला हसू आवरेना. “अण्णा, ते श्राइक म्हणताहेत. आपल्या बांधावरचा खाटीक पक्षी.”

मुलाची आई म्हणाली, “नावं तर सारखीच वाटतात बाई.”

“कामं वेगळी आहेत,” ताई म्हणाली. “कुकीकटर शार्क जेमतेम हातभर असतो, पण देवमाशाचा लचका तोडून पळतो. खाटीक पडला गाणारा पक्षी. दुसऱ्या पाखरांच्या नकला करतो, आणि पकडलेला सरडा काट्याला टोचून ठेवतो, सावकाश खायला.”

मुलगा चहा विसरून ऐकत राहिला. त्याच्या वडिलांनी लगेच सांगून टाकलं, “आम्हाला मुलगी पसंत आहे.”

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. “ते ठीक शे. पण पोरले इचारानं बाकी शे. तुमना पोऱ्या बाभूळपावतच गया, मन्ही पोर समुद्रना तळपावत जाई उनी!”